ओले सरपण आणि सिलिकॉनची पट्टी

ज्यांचे हलणारे भाग मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात मोजले जातात, अशा सिलिकॉनच्या सूक्ष्मयंत्रांचे वर्तन ती घडवण्याआधीच संगणकावर गणिताने काढले जाते. या सिम्युलेशनमधून मिळणारे ज्ञान कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने मिळते, हा प्रश्न न्यायदर्शनाच्या परिभाषेत विचारण्याजोगा आहे. पडद्यावर वाकणारी पट्टी डोळ्यांना दिसते म्हणून ते प्रत्यक्ष ठरत नाही, कारण इंद्रियाचा संबंध पडद्याशी आहे, पट्टीशी नाही. ते अनुमानच होय, आणि अनुमान व्याप्तीवर, म्हणजे हेतू (खूण) व साध्य (सिद्ध करायची गोष्ट) यांच्या कधीही न ढळणाऱ्या साहचर्यावर उभे असते.

सिम्युलेशन ज्यावर उभे असते अशा व्याप्तीचे एक उदाहरण घेऊ. दोन समांतर पट्टिकांपैकी एक स्थिर व दुसरी स्प्रिंगवर तोललेली असली, आणि विद्युतदाब वाढवत नेला, तर फटीचा एक तृतीयांश भाग ओलांडताच स्प्रिंगची ओढ विद्युत आकर्षणापुढे तोकडी पडते व वरची पट्टिका एकदम खाली बसते. फट 3 मायक्रॉनची असेल तर हा क्षण पट्टिका 1 मायक्रॉन सरकल्यावर येतो, आणि आदर्श पट्टिकांपुरते हे गणित निर्विवाद आहे.

परंतु ‘जेथे अग्नी तेथे धूर’ ही व्याप्ती नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, फसवी ठरवली, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धुरासाठी सरपण ओले लागते, आणि या अध्याहृत अटीलाच ते उपाधी म्हणतात. सूक्ष्मयंत्रातही असाच ओलावा आड येतो. पट्टीखालचा तात्पुरता थर आम्लाने विरघळवून ती धुतली जाते, आणि वाळताना फटीत उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण तिला तळाशी ओढतो, तेथे ती कायमची चिकटूही शकते. लांबी-रुंदी-जाडी दहापट घटली की वजन हजारपट घटते, पृष्ठभाग मात्र शंभरपटच, म्हणून मोठ्या यंत्रात नगण्य असणारी पृष्ठभागाची बळे येथे वरचढ होतात. ज्या प्रतिरूपात पाणीच धरलेले नाही, त्यात गणनेची जाळी कितीही बारीक विणली तरी गणिताची चूक तेवढी घटते, गृहीतकाची नाही.

मग असे ज्ञान खरे कसे ठरवायचे? मीमांसादर्शनाचे अनुयायी ज्ञानाला स्वतःप्रमाण, म्हणजे मुळातच खरे, मानतात. नैयायिकांच्या मते मात्र प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून, सफल प्रवृत्तीतून ठरते, जसे पाणी दिसले हे ज्ञान तहान भागल्यावर खरे ठरते. या बाबतीत नैयायिकांचेच म्हणणे मान्य करावे लागते. सिम्युलेशनमुळे शेकडो निष्फळ आराखडे टळतात हे त्याचे मोठेच उपकार आहेत. तरी पट्टी घडवून, वाळवून, सूक्ष्मदर्शकाखाली ती तळापासून सुटी राहिली आहे का हे पाहिल्याशिवाय त्याच्या निष्कर्षाला प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, म्हणता येत नाही.