संशय आणि उपहास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संध्याकाळी आमचे एक वयस्क शेजारी घरी आले. दार लोटून घेऊन त्यांनी खिशातून एक छायाचित्र काढले व माझ्यापुढे धरले. त्यात काळपट पडलेला तांब्याचा एक गडू होता. “हा राईस पुलर आहे,” ते हलक्या आवाजात म्हणाले. शेकडो वर्षांपूर्वी या गडूवर वीज कोसळली, त्यामुळे त्यात इरिडियम उतरले, आता तो तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढून घेतो, हे तंत्र या पृथ्वीवरचे नव्हेच, आणि अमेरिकेची अवकाशसंस्था त्यासाठी कोट्यवधी रुपये मोजायला तयार आहे, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. फक्त आधी ‘तपासणी’साठी काही रक्कम भरायची होती.

मी मोठ्याने हसलो. त्यांनी छायाचित्र खिशात घातले आणि चहाही न घेता ते निघून गेले. पुढे त्यांनी बैलजोडी विकल्याचे कानावर आले, तेव्हा ते हसू माझ्याच मनाला बोचू लागले. माझा संशय तर रास्त होता. मग माझे चुकले कोठे?

या प्रश्नाचे उत्तर मला आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला सापडले. प्रवरेच्या काठावरील या गावी १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार धातुशिल्पे मिळाली. दोन बैल जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला सारथी, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारही वस्तू भरीव ओतकामाच्या. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. हत्तीच्या चौथऱ्याला आस अडकवण्याची भोके आहेत, चाके मात्र हरवली आहेत. असा ऐवज पाहून कोणाचेही भान हरपावे.

पण विद्वानांनी काय केले? ते भारावले असतील, परंतु तेवढ्यावर थांबले नाहीत. वस्तू खणताना त्यांच्याभोवतीच्या मातीच्या थरांची नोंद झालेली नव्हती. मग त्यांचे वय कशावरून ठरवायचे? शि. रं. राव यांनी १९७४-७५ मध्ये तेथे उत्खनन केले. नंतर एस. ए. साळी यांनी १९७९ पर्यंत काम चालवले. त्या टेकाडात वसाहतींचे एकावर एक पाच थर मिळाले. त्यांतील एक उत्तर हडप्पा काळाचा, तर सर्वांत वरचा जोर्वे संस्कृतीचा. म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली. दि. प्र. अग्रवालांनी मात्र धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवले. या वस्तूंत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे. त्या काळच्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. तेव्हा ही शिल्पे पुष्कळ अलीकडची असू शकतात, असे त्यांनी मांडले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. वस्तू जितकी प्राचीन, तितका जिल्ह्याचा आणि देशाचा गौरव मोठा. तरीही एका भारतीय संशोधकाने त्या गौरवालाच प्रश्न विचारला. आणि त्याला उत्तर देणाऱ्यांनीही त्याला देशद्रोही ठरवले नाही, तर आपले पुरावे मांडले. हा खरा संशय. तो वस्तूला हात लावतो, वजन करतो, माती चाळतो, आणि ‘अमुक कारणासाठी मला हे पटत नाही’ असे सांगतो.

याच्या उलट दुसरी वृत्ती. १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन यांच्या पुस्तकाने प्राचीन काळी परग्रहावरील पाहुणे पृथ्वीवर आल्याची कल्पना जगभर पसरवली. रुमानियातील आयुद गावाजवळ सापडलेला ॲल्युमिनियमचा एक पाचरीसारखा तुकडा असाच हजारो वर्षांपूर्वीच्या अवकाशयानाचा भाग म्हणून गाजला. वास्तविक ॲल्युमिनियम धातू प्रथम १८२५ साली वेगळा काढता आला, आणि तो तुकडा खोदकाम करणाऱ्या यंत्राचा दात असावा, हे साधे स्पष्टीकरण उपलब्ध आहे. पण साध्या स्पष्टीकरणात रोमांच नसतो. शिवाय या कल्पनेत एक अन्याय दडलेला आहे. उद्या कोणी दायमाबादचा रथ परग्रहावरून आला म्हणाला, तर ज्या अनाम ओतकाऱ्याने भट्टीच्या धगीत उभे राहून तो सारथी घडवला, त्याचे श्रेय हिरावले जाईल. दुसऱ्याची वस्तू चोरणे जसे पाप, तसे दुसऱ्याचे कौशल्य चोरणेही.

आता पुन्हा त्या गडूकडे वळतो. मी हसण्याऐवजी शेजाऱ्यांना बसवून घेतले असते, तर सांगण्यासारखे पुष्कळ होते. इरिडियम हा धातू खरा आहे. १८०३ साली त्याचा शोध लागला. पण तो चुंबकासारखा काही ओढत नाही. तांबे सुमारे १०८५ अंशांवर वितळते, इरिडियमला २४०० अंशांहून अधिक उष्णता लागते. जुन्या तांबटाच्या भट्टीत ते वितळणे शक्य नाही. विजेने तांब्याचे इरिडियम होत नाही. तांदूळ हलतो, कारण दाण्यांना लोखंडाचा चुरा लावलेला असतो आणि भांड्यात लोहचुंबक लपवलेला असतो. २०१८ साली दिल्ली पोलिसांनी अशाच प्रकरणात एका बापलेकाला पकडले. त्यांनी किरणोत्सर्गापासून बचावाचा म्हणून चकचकीत पोशाख आणि नकली शास्त्रज्ञ दाखवून एका व्यापाऱ्याचे एक कोटीहून अधिक रुपये उकळले होते.

यातले बरेचसे मला त्या संध्याकाळीही ठाऊक होते. परंतु मी ज्ञानाऐवजी उपहास वाढला. उपहास माणसाला एकटा पाडतो, आणि एकट्या पडलेल्या माणसाला ठकाचे गोड बोलणेच आधाराचे वाटते. त्यांच्या घरात मुलीचे लग्न तोंडावर आले होते. त्यांना लोभापेक्षा चिंताच अधिक होती. ती मी विचारलीच नाही.

संशय घेणे हे सत्याचे ऋण आहे. पण समोरच्या माणसाचा हात धरून घेतला, तरच ते फिटते. ते शेजारी आजही रस्त्यात भेटले की नमस्कार करतात. मी नमस्कार परत करतो, आणि दर वेळी माझीच मान थोडी अधिक लवते.