वारस नोंद

टेंभुर्णीतल्या एका मावशीची ही गोष्ट. तिचं नाव सांगत नाही, आणि ज्या कचेरीत तिने हेलपाटे घातले ती कोणती हेही विचारू नका. बोधकथेतला साहेब कुठलाही असला तरी साहेबच असतो.

मावशीचं माहेर मूळचं बेथेलचं. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वस्ती वसवली. मांग-महार समाजातली कुटुंबं गावकुसाबाहेरचं जिणं सोडून तिथं राहायला आली. तेव्हापासून दोन गोष्टी त्या घराण्यात जपलेल्या: संध्याकाळची प्रार्थना आणि जमिनीचे कागद.

नवरा गेला, मागे दोन एकर कोरडवाहू जमीन राहिली. मावशीने मृत्यूचा दाखला काढला, वारसांचं प्रतिज्ञापत्र केलं आणि अर्ज दिला. काम तसं सरळ असतं. आधी वारस रजिस्टरला चौकशी होते, मग फेरफार धरतात, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. पण सरळ कामालाच पाय फुटतात. कधी साहेब मीटिंगला गेलेले, कधी सर्व्हर बंद, कधी इलेक्शन ड्यूटी. एकदा तर अर्जच सापडेना. मावशी झेरॉक्स घेऊनच गेली होती.

दीर म्हणाला, “वहिनी, वारसांत पोराचं नाव कशाला घालता? तो काय येणारे का परत?”

पोरगा बापाशी भांडून वाळूजला गेला होता. दारू लागली, नोकरी सुटली, फोनही बंद झाला. बापाच्या मातीला आला नाही. दिराचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. मावशी तेवढंच म्हणाली, “वारस हाय तो. नाव ऱ्हाईल.”

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, “मावशी, पूर्वी प्रार्थनेच्या विनंत्यांत पोराचं नाव सांगायच्या. आता सांगत नाही?”

“सोडून दिलं, पाळकसाहेब. लई वर्सं मागितलं, उपास केले. देवाच्या मनात नसंल. किती त्याच्या मागं लागायचं?”

“आणि जमिनीचं?”

“त्येचं काय! उद्या जायचंय की कचेरीत.”

“साहेबांवर विश्वास आहे तुमचा?”

मावशी हसली. “साहेबांवर कोन विश्वास ठेवतं? पर हक्क हाय ना माझा. सही करावीच लागंल त्याला, आज न्हाई तर उद्या.”

पाळकसाहेबांनी लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढला. एका गावच्या न्यायाधीशाला देवाचं भय नव्हतं आणि माणसाची पर्वा नव्हती. एक विधवा रोज न्याय मागायला यायची. तो टाळायचा. शेवटी, ही बाई आपल्याला जेरीस आणील म्हणून त्याने तिचा निवाडा केला. ही गोष्ट आपण पुष्कळदा उलटी ऐकतो. देवही तसलाच, कान किटेपर्यंत ओरडलं की देतो, असं काहीजण चक्क व्यासपीठावरून सांगतात. येशूचं म्हणणं अगदी विरुद्ध आहे. असला नाठाळ माणूससुद्धा शेवटी न्याय देतो, मग जो तुमचा बाप आहे तो देणार नाही का? आणि गोष्टीच्या शेवटी येशू विचारतो, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल का? प्रश्न देव ऐकेल की नाही हा नाहीच. आपण दारात टिकू का, हा आहे.

पाळकसाहेब म्हणाले, “मावशी, ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या दारात तुम्ही दर आठवड्याला जाता. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या दारात जायचं सोडलं. सरकारी अर्जात पोराचं नाव राखलंत आणि प्रार्थनेतून कमी केलंत.”

मावशीला हे लागलं. ती म्हणाली, “पर मन उठत न्हाई हो आता. तोंडानं म्हनायचं अन् आत कायबी न्हाई, असली प्रार्थना काय कामाची?”

“कचेरीत जाताना मन उठतं?”

“न्हाई. पाय उचलावा लागतो.”

“मग तसंच करा. विश्वास म्हणजे दर वेळी भरून येणं नाही. कोरड्या मनाने का होईना, पुन्हा जाणं हाच विश्वास.”

मग त्यांनी तिला मोनिकेची हकिकत सांगितली. मुलगा ऑगस्टीन भरकटला होता. ही एका बिशपाच्या इतकी मागे लागली, की तो वैतागला. पण वैतागतानाच म्हणून गेला, एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जायचा नाही. तिने पुढेही कितीतरी वर्षं रडून मागितलं, आणि 387 साली मिलानमध्ये ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी ती वारली. तेवढंच पाहायला मिळालं तिला.

मावशीने घरी नियम केला. चुलीपुढे बसायच्या आधी पोराचं नाव घ्यायचं. लांबलचक नाही. “बापा, माझा पोरगा,” एवढंच. काही दिवस त्यात रागच जास्त असायचा. तोही तिने देवापुढे ठेवला.

पावसाळ्याच्या तोंडावर फेरफार धरला गेला. नोटिशीत पोराचंही नाव होतं. मावशीने शेजारच्या मुलीकडून नोटिशीचा फोटो वाळूजच्या एका ओळखीच्याला पाठवला. आठवडाभराने अनोळखी नंबरवरून फोन आला.

“आई, माझं नाव कशाला घातलं?”

“वारस हायेस म्हनून.”

पलीकडे जरा शांतता. मग त्याने शेतात काय पेरणार ते विचारलं. बोलणं दोनच मिनिटं झालं. आवाजावरून तिला कळलं, दारू सुटलेली नाही.

रविवारी पाळकसाहेब आनंदाने म्हणाले, “मावशी, आज साक्ष द्या मंडळीपुढं.”

“आत्ताच नगं,” मावशी म्हणाली. “नोंद धरलीय, मंजुरी बाकी हाय.” आणि विनंत्यांच्या वहीत तिने पुन्हा पोराचं नाव लिहायला सांगितलं.