जुहूची धावपट्टी आणि अप्पांची पेरणी

आमच्या बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. आमच्यासाठी विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ. तरी गेले काही दिवस माझ्या डोक्यात मुंबईतल्या जुहूची धावपट्टी आहे.

जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचं विमान आणलं, ते इथेच उतरवलं. पुढे मोठी विमानं सांताक्रूझला उतरू लागली. दोन्ही धावपट्ट्या शेजारी-शेजारी आणि जवळपास एकाच दिशेच्या. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला जुहूची आधी दिसते.

१५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. थांबलं. काही दिवसांनी तिथूनच उडून गेलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाने हीच चूक केली. धावपट्टी साधारण १,१४० मीटरची. विमान ती ओलांडून पुढे गेलं. कुणी दगावलं नाही, पण विमान पुन्हा उडण्याजोगं राहिलं नाही.

डीसी-८ कॉमेटपेक्षा कितीतरी जड होतं, हे खरं. पण कॉमेटच्या वैमानिकाने 'आपलं हलकं आहे, जुहूला मावेल' असा हिशोब केला नव्हता. दोघांनीही ओळखण्यातच चूक केली. मग एकाची गोष्ट आपण हसून सांगतो आणि दुसऱ्याच्या गोष्टीला अपघात म्हणतो, ते कशाच्या जोरावर? बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये हाच प्रश्न मांडला. त्याला त्यांनी नाव दिलं 'मॉरल लक', म्हणजे नैतिक नशीब. जे आपल्या हातात नव्हतं, त्यावरून आपल्याला चांगलं-वाईट ठरवणं न्याय्य आहे का?

मला हा प्रश्न पुस्तकाआधी घरात भेटला. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक बरा पाऊस झाला आणि अप्पांनी व तात्यांनी एकाच दिवशी कापूस लावला. पुढच्या आठवड्यात एक सर आली, ती ओढ्यापलीकडे तात्यांच्या शिवारात. आमच्याकडे थेंब नाही. आमचे कोंब वाळले, दुबार पेरणी करावी लागली आणि बियाण्याला उसने पैसे घ्यावे लागले. पारावर तात्या 'जाणते' झाले आणि अप्पांनी 'घाई केली'. रात्री जेवताना मीही म्हणालो, "अप्पा, थोडं थांबायचं ना."

अप्पांनी भाकरी मोडली आणि एवढंच म्हणाले, "तात्या थांबला व्हता का?"

मला उत्तर देता आलं नाही.

मग सगळं नशिबावरच सोडायचं का? तसंही नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने आपलं एक बोईंग ७२७ शिकागोच्या विज्ञान संग्रहालयाला दिलं. ते तळ्याकाठच्या मेग्ज फील्ड या छोट्या विमानतळावर उतरवलं गेलं. तिथली धावपट्टी साधारण १,१९० मीटरची, म्हणजे जुहूपेक्षा जेमतेम पन्नास मीटर जास्त. आज ते विमान संग्रहालयात आहे आणि लोक त्यात शिरून बघतात. नुसता फोटो पाहिला, तर जुहूचं कॉमेट आणि मेग्जचं ७२७ सारखंच दिसेल: आखूड पट्टीवर थांबलेलं मोठं जेट. फरक फोटोच्या आधीचा आहे. ७२७ च्या वैमानिकाला आपण कुठे उतरतोय आणि पट्टी किती आहे हे माहीत होतं. म्हणून निर्णय जोखायचा तर चाकं टेकण्याआधीचं बघावं लागतं: काय माहीत होतं, काय तयारी होती आणि दुसरा पर्याय होता का.

हा शेवटचा प्रश्न मी अप्पांना कधी विचारलाच नव्हता. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. अप्पांनाही ते पाठ आहे. पण बैल भाड्याचे होते आणि त्याच दिवशी मिळणार होते. ओल गेली असती तर पुढचा पाऊस कधी, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. जुहूच्या वैमानिकांना अगदी पुढे सांताक्रूझ होतं. अप्पांना पट्टी आखूड आहे हे दिसत होतं, पण पुढे दुसरी नव्हती. त्यांच्या निर्णयाला चूक म्हणणं मला आता जमत नाही.

आणि तात्यांना कुणीच काही विचारलं नाही, हेही तितकंच खटकतं. पीक आलं की प्रश्न संपतात. पुढच्या जूनमध्ये तात्यांनी पहिल्याच पावसावर पुन्हा तशीच लागवड केली.

अप्पांची माफी मागायची राहिली आहे. पण यंदा एक करणार आहे. पाऊस यायच्या आधी त्यांच्याजवळ बसून विचारणार आहे, "अप्पा, पाऊस नाही आला तर आपण काय करायचं?" पीक आल्यावर किंवा गेल्यावर बोलणारे पारावर पुष्कळ आहेत.