पाऊस पडलाच नाही तर

एका कार्यशाळेत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ठासून सांगितलं, 'जर-तर'चा अर्थ कधीच ठरून गेलाय. ज्याला तो पटत नाही त्याचं गणित कच्चं. समोर बारावीला शिकवणारे शिक्षक बसले होते. ते वाक्य मला अजून टोचतं, कारण त्या कच्च्यांच्या रांगेत ॲरिस्टॉटलही येतो.

सत्यता कोष्टक आठवा. पूर्वांग सत्य आणि उत्तरांग असत्य, एवढ्या एकाच ओळीत 'जर-तर' खोटं. उरलेल्या तिन्हींत खरं. आता दोन वाक्यं घ्या. 'पाऊस पडला तर सहल रद्द होईल.' 'पाऊस पडला तर सहल रद्द होणार नाही.' पाऊस पडलाच नाही, तर कोष्टकाच्या हिशेबी दोन्ही खरी. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, "सर, मग घरी नेमकं काय सांगायचं?" मी तिला 'हे असंच धरायचं असतं' म्हणून खाली बसवलं. माझं चुकलं.

तिची बाजू घेणारं तर्कशास्त्र आहे. त्याला कनेक्सिव्ह म्हणतात. मी अनुबंधी म्हणतो. कोणतंही विधान स्वतःच्या नकारातून निघत नाही, की स्वतःच्या नकाराकडे नेत नाही, हा त्याचा ॲरिस्टॉटलकडून आलेला पाया. 'अ तर ब' खरं असेल तर 'अ तर ब नाही' खरं नसतं, हा दुसरा, बोएथियसच्या नावाचा. १९६२मध्ये अँजेलने आणि १९६६मध्ये मॅकॉलने याची रीतसर मांडणी केली. अंतर्ज्ञानवादी तर्कशास्त्र रूढ नियमांतले काही सोडतं, एवढंच. इथे मात्र रूढ तर्कशास्त्र ज्याला मान्यता देत नाही तेच नियम म्हणून येतं. रूढ तर्कशास्त्रात हे नियम मिसळले की थेट विसंगती.

हे सगळं फुकटात मिळतं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. तो समज बाराव्या शतकातल्या पॅरिसच्या अल्बेरिकने मोडला. तर्कशास्त्रज्ञ आबेलार ॲरिस्टॉटलच्या या तत्त्वाच्या बाजूने उभा होता. अल्बेरिकने त्याच्यापुढे ठेवलेली साखळी अशी: समजा, 'हा माणूस आहे आणि प्राणी नाही'. यातला एक भाग उचला: प्राणी नाही. प्राणी नाही, म्हणून माणूस नाही. माणूस नाही, म्हणून 'माणूस आहे आणि प्राणी नाही' हेही नाही. विधान स्वतःच्याच नकाराशी येऊन थांबलं! एकही पायरी संशयास्पद वाटत नाही. मी ती कितीदा तरी कागदावर उतरवून पाहिली आहे.

पुढे तिथल्या पंथांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. लहान पुलाजवळच्या ॲडमच्या शिष्यांनी अशक्यातून काहीही निघतं हे मान्य केलं. गिल्बर्टच्या अनुयायांनी 'आणि'ने जोडलेल्यातून सुटा भाग उचलायलाच हरकत घेतली. प्राध्यापक ज्याला ठरून गेलेलं म्हणतात, ती या भांडणातली एक बाजू आहे.

वान्सिंगने २००५मध्ये तिसरी वाट दाखवली. तिथे सुटा भाग उचलता येतो, पण काही विधानं आणि त्यांचे नकार दोन्ही सिद्ध होतात, तरी बाकीचा डोलारा कोसळत नाही. रचना सुंदर आहे. मला ती पचत नाही. सहलीच्या दोन वाक्यांची टक्कर टिकवायला निघालो आणि सिद्धांतांमधली टक्कर पदरात घेतली, असं होतं.

म्हणून मी गिल्बर्टवाल्यांकडे, आणि १९३०मध्ये तीच हरकत घेणाऱ्या नेल्सनकडे, झुकतो. 'माणूस आहे' आणि 'प्राणी नाही' हे तुकडे एकमेकांना कापतात. त्यांतला एकच उचलून दुसऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही. मात्र 'दूध आहे आणि साखर आहे' यातून 'दूध आहे' म्हणायची मुभा मला हवीच. मग कुठले तुकडे एकमेकांना कापतात हे अनुमान करण्याआधीच कळायला हवं, आणि ते कळायलाही अनुमानच लागतं. माझं घोडं सध्या इथे अडलं आहे.