कार्यक्रम नसलेला प्रवास



ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरचे चौघे स्वित्झर्लंडला निघणार आहोत: मी, पत्नी, मुलगी आणि भारतातून आलेली माझी बहात्तर वर्षांची आई. लंडनहून रेल्वेने पॅरिस, तिथून बासेल आणि पुढे लुत्सर्न. आईला हे सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "तिथं कार्यक्रम कुणाचा आहे?"

मला आधी हसू आलं, मग आलं नाही. आईने आयुष्यात पुष्कळ प्रवास केला आहे. 6 डिसेंबरला दादर, दसऱ्याला नागपूर, कधी महाड, एकदा महू. जनरलच्या डब्यात, भाकरीचं गाठोडं घेऊन, कडेवर लहान भाऊ आणि हाताला मी. प्रत्येक प्रवासाला कारण होतं. नुसतं बघायला, नुसतं बसायला ती कुठेच गेली नव्हती. तळं बघायला परदेशात जायचं आणि तिथं भाषण नाही, वंदना नाही, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

त्याच आठवड्यात रविवारच्या वंदनेनंतर चहा घेताना आपल्याच एका ज्येष्ठ मित्राने सहज म्हटलं, "तेवढ्या पैशात गावाकडच्या दोन मुलींचं वर्षाचं वसतिगृह भागलं असतं." त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. चळवळीच्या त्यागावर शिकून वर आलेल्या माणसाला निव्वळ आनंदासाठी फिरण्याचा नैतिक अधिकार आहे का? हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही, म्हणून इथे मांडतो आहे.

पहिली गोष्ट. बाबासाहेब स्वतः सहलीला गेले होते. 1934 साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी सुचवलं आणि साधारण तीस जण वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. धुळीने माखलेल्या या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या भरलेल्या टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले, आणि टाकं बाटवलं म्हणून शिव्या देत लोक धावून आले. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि त्यावर लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. तिन्ही गोलमेज परिषदांना जाऊन आलेल्या माणसाची ही सहल. त्याआधी सात वर्षं, 20 मार्च 1927 ला, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी हजारो लोकांसह घेतलं होतं.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेची कथा म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या सुरुवातीकडे आपलं लक्ष जात नाही. एवढ्या कामाच्या डोंगरातून वेळ काढून ती माणसं फिरायला निघाली होती. फिरणं ही त्यांना लाजेची गोष्ट वाटली नाही. लाजेची गोष्ट होती ती वाटेत आडवी आलेली व्यवस्था.

दुसरी गोष्ट. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. 1945 च्या कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा मिळाली. 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवड्याचा कामाचा वेळ 54 तासांवरून 48 वर आला. हा नुसता सोयीचा मुद्दा नव्हता. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं यावरच्या 1945 च्या ग्रंथात त्यांनी यंत्रांची बाजू घेतली ती याच कारणासाठी. यंत्र माणसाला राबण्यातून मोकळं करतं, मोकळा वेळ देतं, आणि मोकळ्या वेळाशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त राबवून घेतलं त्यांच्या वाट्याला निवांतपणा येणं हाही मुक्तीचाच भाग आहे. आपण वर्षाची रजा टाकतो तेव्हा हा इतिहास विसरू नये.

आता मित्राचा प्रश्न. हक्क आहे म्हणून कसंही भोगावं का? इथे मला भगवंतांनी अनाथपिंडिकाला सांगितलेली गृहस्थाची चार सुखं मदतीला येतात. अत्थि-सुख, म्हणजे मेहनतीने आणि सन्मार्गाने मिळवलेलं धन जवळ असण्याचं सुख. भोग-सुख, म्हणजे ते धन वापरण्याचं आणि त्यातून पुण्यकर्म करण्याचं सुख. अनण-सुख, म्हणजे कर्ज नसण्याचं सुख. आणि अनवज्ज-सुख, म्हणजे काया-वाचा-मनाने निर्दोष असण्याचं सुख. यात चौथं सर्वांत मोठं सांगितलं आहे. धम्म गरिबीचं कौतुक करत नाही, हे इथे स्पष्ट दिसतं. पण दुसऱ्या सुखात भोग आणि पुण्यकर्म एकत्र बांधले आहेत, त्यातलं एक सोडून दुसरं घेता येत नाही, हेही तितकंच स्पष्ट आहे.

ही चार सुखं मी आमच्या सहलीला लावून पाहिली. पैसा पगाराचा आहे, तिथे अडचण नाही. तिसऱ्यावर अडलो. हॉटेलचं आरक्षण मी क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर करणार होतो. ते रद्द केलं आणि तेरा दिवसांचे दहा केले. दुसऱ्यावर तर सरळ नापास झालो. आम्ही दान देतो, पण ते उरलंसुरलं देतो. आवाहन आलं, मन हललं, की पाठवतो. मित्राच्या बोलण्याने मी दुखावलो ते याचमुळे. ज्याचा वाटा ठरलेला असतो त्याला असं बोलणं लागत नाही. म्हणून पत्नीने आणि मी बसून ठरवलं: दर महिन्याच्या पगारातून एक ठराविक हिस्सा पहिल्या तारखेला शिक्षणासाठी जाईल, सहल असो वा नसो. यंदा त्यातून एका मुलीच्या वसतिगृहाचा खर्च उचलला आहे. दोघींचा उचलता आला नाही, हे मित्राला प्रामाणिकपणे सांगितलं.

पण सहलीचा अपराध वाटतो म्हणून दिलेलं दान मला योग्य वाटत नाही. देण्याआधी, देताना आणि दिल्यानंतर मन प्रसन्न असावं, असं धम्म सांगतो. अपराधातून दिलेला पैसा म्हणजे स्वतःलाच ठोठावलेला दंड असतो.

उरलं निर्दोषपण. इथे माझा खरा दोष माझ्या एक्सेल शीटमध्ये सापडला. पहिल्या आराखड्यात दहा दिवसांत नऊ ठिकाणं होती: झुरिक, लुत्सर्न, इंटरलाकेन, 3454 मीटरवरचं युंगफ्राउयोख, झेरमाट, मोंत्रो, जिनिव्हा, मिलान, कोमो. प्रत्येकापुढे तास, मिनिटं आणि फोटोची जागा. आईने चष्मा लावून ते बघितलं आणि म्हणाली, "यात बसायचं कधी?"

निवांत सहल म्हणून मी जी आखली होती ती ऑफिसच्या प्रोजेक्ट प्लॅनसारखी दिसत होती. आणि नऊ ठिकाणं कशासाठी? दुसऱ्यांनी पाहिली म्हणून, दाखवता यावीत म्हणून. तृष्णा सोन्याची असते तशी दृश्यांचीही असते. राबण्यातून सुटलेला माणूस सुट्टीतही स्वतःला राबवत असेल, तर पगारी रजा मिळवून देणाऱ्याने काय मिळवून दिलं?

आता नवा आराखडा असा आहे. लुत्सर्नला चार रात्री. एक दिवस तलावावरची बोट, एक दिवस रिगीचा डोंगर, जिथे फिट्सनाऊहून 1871 पासून दातेरी रुळांची रेल्वे जाते, म्हणजे आईला चढावं लागणार नाही. ब्रिएन्झला तीन रात्री. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठाने त्या तलावाचं पाणी हिरवट-निळं दिसतं. तिथे काहीच आखलेलं नाही. शरदात बोटींच्या फेऱ्या कमी होतात, तेवढं वेळापत्रक पाहून ठेवलं आहे. शेवटी बर्नला दोन रात्री. तिथल्या जुन्या शहरात जवळजवळ सहा किलोमीटर छत असलेल्या कमानी आहेत, त्यामुळे पाऊस आला तरी चालता येईल.

बर्नबद्दल मुलीशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. तिथे रस्त्यावर सोळाव्या शतकातली कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी कुणीही पितं, कुणी विचारत नाही तू कोण. हे पाहताना तिला चवदार तळं आठवावं. दुसरी गोष्ट, हा सुंदर देशही निर्दोष नाही. इथल्या स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मताचा अधिकार 1971 साली मिळाला. इथे गरिबांची, अनाथ मुलं विसाव्या शतकातही शेतांवर राबायला दिली जात आणि त्याबद्दल सरकारने 2013 साली बर्नमध्येच माफी मागितली. ऐतिहासिक शहर पाहायचं तर दगड कुणी उचलले हेही विचारायचं, ही सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावली.

शरद ऋतूबद्दल एक आठवण करून द्यावीशी वाटते. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. सारनाथच्या पहिल्या वर्षावासानंतर भगवंतांनी साठ अर्हतांना बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी चारिकेला पाठवलं, दोघांनी एका वाटेने जाऊ नये असं सांगून. आमची सहल म्हणजे चारिका नव्हे, तसा दावा करणं खोटं होईल. पण बहुजनांचं सुखही त्या सांगण्यात होतं, हे मी धरून ठेवलं आहे. ते सुख एका बहात्तर वर्षांच्या बाईला तळ्याकाठी दोन तास बसायला मिळण्यातही असू शकतं.

14 ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला आम्ही परत आलेले असू. खुर्च्या लावायची जबाबदारी माझ्याकडे आहे. आईने बॅग भरायला घेतली आहे. परवा शेजारच्या काकूंना ती फोनवर सांगत होती, "नाही हो, कार्यक्रम काही नाही. आम्ही नुसतंच चाललोय."

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.