जाब विचारणें आणि जाब देणें

विधिमंडळाचें अधिवेशन सुरू झालें कीं वृत्तपत्रांतून प्रश्नोत्तरांचे वृत्तांत येऊं लागतात, आणि ते वाचून पुष्कळ सुशिक्षित घरांतून एकच उद्गार निघतो, "यांतून निष्पन्न काय?" सभासदानें प्रश्न विचारावा, मुख्य मंत्र्यांनीं "माहिती गोळा करण्यांत येत आहे" असें सांगावें, आणि गलबल्यांत तास संपावा, असा प्रकार वारंवार घडतो हें आम्हांस नाकारतां येत नाहीं. तथापि या उद्गारामागें एक समजूत दडलेली आहे, ती अशी कीं, प्रश्नाची किंमत मिळालेल्या उत्तरावरून करावी. ही समजूत आम्हांस चुकीची वाटते. ती कां चुकीची, हें सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासांतील कांहीं गोष्टींवरून चांगलें दिसून येतें.

प्रथम तत्त्वाचा विचार करूं. अज्ञान मुलाच्या इस्टेटीचा पालक, देवस्थानचा पंच, पेढीवरचा मुनीम यांनीं हिशेब मागितला असतां दिला पाहिजे, याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. हिशेब चोख असूनहि "मला विचारणारे तुम्ही कोण?" असें जो म्हणेल तो, पैसा न खातांहि, आपल्या धर्मास चुकला असें आपण समजतों. कारण ठेव हीच आपली मालमत्ता आहे असें तो त्या वाक्यानें सुचवितो. राज्यसत्ता ही लोकांची ठेव आहे, हें एकदां मान्य केलें म्हणजे जाब देणें ही सत्ताधाऱ्याची मेहेरबानी उरत नाहीं. आपल्या घटनेच्या ७५ व्या व १६४ व्या अनुच्छेदांत मंत्रिमंडळ सामुदायिक रीत्या लोकसभेस व विधानसभेस जबाबदार राहील असें म्हटलें आहे, त्याचा नैतिक अर्थ हाच होय.

आतां जेथें हा अधिकार नव्हता तेथें काय झालें तें पाहावें. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांच्यावर कंपनी सरकारानें फितुरीचे आरोप ठेवले. १८३९ च्या ऑगस्टमध्यें मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले, आणि दोष पत्करून सही केल्यास गादी राहील असें त्यांनीं महाराजांस सांगितलें. महाराजांनीं सही केली नाहीं. न केलेला गुन्हा पत्करण्यापेक्षां राज्य गेलेलें बरें असें त्यांस वाटलें. त्यांनीं उघड चौकशी मागितली, ती मिळाली नाहीं. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं ते पदच्युत झाले, आणि काशीस १८४७ सालीं त्यांचा अंत झाला.

महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत, म्हणजे चौदाएक वर्षें, तेथेंच ठाण मांडून राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत जॉर्ज थॉम्प्सन आणि कॉमन्स सभेंत जोसेफ ह्यूम यांनीं साताऱ्याचा प्रश्न कळकळीनें मांडला. सर रॉबर्ट पील यांचें मंत्रिमंडळ गेलें, लॉर्ड जॉन रसेल यांचें आलें. पण चौकशी झाली नाहीं ती नाहींच. १८४८ सालीं महाराजांचे धाकटे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले, तेव्हां लॉर्ड डलहौसी यांनीं तें राज्यच खालसा केलें. पुढें १८५७ सालीं रंगो बापूजींचा मुलगा सीताराम फांशीं गेला, आणि स्वतः रंगो बापूजी जे नाहींसे झाले ते पुन्हां कोणास दिसले नाहींत.

या प्रकरणीं प्रश्न विचारलाच गेला नाहीं असें नाहीं. जगांतील पार्लमेंटांची जननी म्हणून जी मिरवते त्या सभेंत तो विचारला गेला, आणि विचारणारे सज्जन होते. मग तो वायां कां गेला? आमच्या मतें याचें कारण असें कीं, ज्यांच्यावर राज्य चाललें होतें त्या सातारकरांचें एकहि मत त्या सभेंत नव्हतें. साताऱ्यास न्याय नाकारल्यानें कोणाहि इंग्रज मंत्र्याची खुर्ची हालणार नव्हती. ज्याला आपण पदावरून दूर करूं शकत नाहीं त्याला विचारलेला प्रश्न हा शेवटीं अर्जच असतो, मग तो कितीहि वक्तृत्वानें केलेला असो.

याच्या उलट उदाहरण त्याच मुलखांतील औंधचें आहे. औंध हें बहात्तर गांवांचें लहानसें संस्थान. त्याचा कांहीं भाग आजच्या सातारा जिल्ह्यांत, तर आटपाडीकडील भाग सांगली जिल्ह्यांत येतो. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले तेथील अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचें जाहीर केलें. महात्मा गांधींचा सल्ला, चिरंजीव आप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांचे परिश्रम, यांतून १९३९ च्या जानेवारींत नवी घटना अमलांत आली. गांवच्या पंचायती, त्यांवर तालुक्याच्या सभा आणि सर्वांवर विधिमंडळ अशी ती रचना होती. ज्या घराण्याचें पदच मुळीं छत्रपतींचा प्रतिनिधि हें होतें, त्यानें आपला कारभार लोकांच्या प्रतिनिधींसमोर आणून ठेवला. कुणब्यानें उभें राहून कारभाऱ्यास विचारावें आणि कारभाऱ्यानें उत्तर द्यावें, यांत राजाचा अपमान नाहीं, हें त्या वृद्ध पुरुषानें ओळखलें. परंतु हा अधिकार दानाचा होता. उदार राजाच्या वंशांत अनुदार राजा निपजणें अशक्य नसतें. म्हणून १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि १९५० च्या घटनेनें तोच अधिकार हक्क म्हणून सर्वांस मिळाला, हें आम्ही इष्टच समजतों.

हा हक्क आयता आलेला नाहीं. १८९२ च्या कायद्यानें कायदेमंडळांतील सभासदांस प्रश्न विचारतां येऊं लागला, पण उत्तरावर पुन्हां विचारण्याची सोय नव्हती. १९०९ सालीं मूळ प्रश्नकर्त्यास, आणि १९१९ नंतर इतर सभासदांसहि, पुरवणी प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. हा क्रम क्षुल्लक नव्हे. पहिलें उत्तर कचेरींतील कारकुनानें लिहून दिलेलें असूं शकतें. दुसरें उत्तर मंत्र्यास स्वतःच्या माहितीवर व स्वतःच्या विवेकावर द्यावें लागतें. तेथें टाळाटाळ झाली तर ती सर्वांच्या देखत होते, आणि ती टिपून ठेवली जाते. उत्तर न मिळणें हेंहि अशा वेळीं एक उत्तरच असतें.

येथें कोणी म्हणेल, "पण विचारणारे तरी कुठें निर्मळ आहेत?" हा आक्षेप खरा आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल २००५ च्या डिसेंबरांत संसदेच्या ११ सभासदांना सभागृहांतून काढून टाकावें लागलें. प्रश्न विचारण्याचा अधिकार हीदेखील मतदारांची ठेवच असल्यामुळें तो विकणारा सभासद आणि जाब टाळणारा मंत्री हे एकाच माळेचे मणी होत. पण मुनीम लबाड निघाला म्हणून कोणी हिशेबाची वही जाळीत नाहीं.

शेवटीं क्रांतिसिंह नाना पाटील यांचें चरित्र आठवतें. येडेमच्छिंद्रच्या या पुरुषानें परकी सत्तेस विचारण्याची सोय नव्हती तेव्हां, १९४३ ते १९४६ या काळांत, आपल्या सहकाऱ्यांसह त्या वेळच्या सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकार चालविलें. तेच नाना पाटील १९५७ सालीं साताऱ्यांतून लोकसभेवर निवडून गेले, आणि पंतप्रधान नेहरूंच्या समोरच्या बाकांवर बसले. त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरला नेहरू शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठीं प्रतापगडावर आले, तेव्हां संयुक्त महाराष्ट्र समितीच्या हजारों लोकांनीं वाटेवर काळीं निशाणें दाखवून महाराष्ट्राचा प्रश्न त्यांच्या कानीं घातला. मुख्य मंत्री होते देवराष्ट्रे गांवीं जन्मलेले यशवंतराव चव्हाण. संताप मोठा होता, तरी निदर्शनें शांततेनें पार पडलीं. समितीच्या नेत्यांचा संयम हें त्याचें एक कारण खरेंच. पण तोच प्रश्न विधानसभेंत व लोकसभेंत विचारणारीं माणसें लोकांनीं त्याच वर्षीं निवडून पाठविलीं होतीं, हेंहि दुसरें कारण असावें असें आम्हांस वाटतें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें.

चौदा वर्षें दारोदार हिंडून रंगो बापूजींना जें मिळालें नाहीं, तें आज कोणत्याहि गांवच्या माणसास आपल्या प्रतिनिधीच्या द्वारें मिळूं शकतें. प्रश्नोत्तरांचा वृत्तांत कंटाळवाणा आहे म्हणून तो बाजूला सारण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें पाहावें कीं, आपल्या प्रतिनिधीनें या अधिवेशनांत काय विचारलें आणि त्यास कोणतें उत्तर मिळालें. हें पाहणारे लोक जोंवर आहेत, तोंवरच त्या तासाला अर्थ आहे.