वादळाआधी केलेला नियम

मे २०२४ च्या अखेरीस कर्नाटकातली काही मंडळी, त्यातली बहुतेक आपल्या बेंगळुरूची, उत्तराखंडातल्या सहस्रतालकडे पदभ्रमणाला निघाली. स्थानिक वाटाड्यांसह एकूण २२ जण होते. ३ जूनला परतीच्या वाटेवर हिमवादळाने त्यांना गाठले. ९ जण घरी परतले नाहीत. १३ जणांना बचाव पथकांनी आणि वायुसेनेने सुखरूप खाली आणले.

अशी बातमी आली की आपण लगेच विचारतो, चूक कोणाची? घरात उबेला बसून न्याय करण्याचा अधिकार आपल्याला नाही. ही देवाने केलेली शिक्षा, असेही म्हणू नका. वारा कोणाचे पाप-पुण्य मोजत नाही. आधी त्या घरांसाठी हात जोडा. मग शांतपणे पाहा, डोंगर आपल्याला काय सांगतो.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, सहस्रताल ४,००० मीटरच्याही वर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या साधारण ६० टक्केच असतो. त्यात कपडे ओले झाले आणि वारा सुटला, की शरीर झपाट्याने गारठते. आधी हुडहुडी भरते, हात नीट चालत नाहीत. पुढे बुद्धी मंदावते, आणि ती मंदावली आहे हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही! ज्या बुद्धीने निर्णय घ्यायचा, तीच गारठलेली असते.

म्हणून अनुभवी गिर्यारोहक दोन गोष्टी आधीच ठरवतात. अमुक वाजेपर्यंत शिखर आले नाही, तर परत फिरायचे. आणि एकटे जायचे नाही, सोबत्यावर लक्ष ठेवायचे. एवढे करूनही कधी वादळ गाठतेच. म्हणून ही तयारी नम्रतेने करायची असते.

आता स्वतःकडे पाहा. राग आला की काय होते? लोभात, अपमानात, दुःखात? तेव्हाही बुद्धी मंदावते आणि आपल्याला वाटते, मी अगदी बरोबर आहे. त्या क्षणी विवेक शोधायला गेलात तर तो हाती लागत नाही. तो आधीच कमवून ठेवावा लागतो. रोजची साधना त्यासाठीच आहे. आकाश निरभ्र असताना केलेला नियम वादळात हात धरतो. आणि सत्संग कशासाठी? तुम्ही गारठलात हे तुमच्याआधी ओळखणारा कोणीतरी सोबत असावा म्हणून. त्याने “थांब” म्हटले, तर थांबण्यात कमीपणा नाही. अर्ध्या वाटेवरून परतलेला माणूस हरलेला नसतो. डोंगर उद्याही तिथेच असतो.

आज साधनेला बसाल तेव्हा त्या ९ जणांची आठवण करा. मग एक नियम ठरवा: रागात उत्तर द्यायचे नाही किंवा दुःखात एकटे राहायचे नाही. आणि तो घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. म्हणजे वेळ येईल तेव्हा तो तुम्हाला आठवण करून देईल.